सहा तासांची अमेरिका

न्यूयॉर्क मुंबईपेक्षा जवळ आहे, हा शोध आमच्या वाडीत सर्वांत आधी मी लावला. आमची मृणाली नोकरीसाठी निघाली, तेव्हा तिच्या तिकिटावर स्वच्छ छापलं होतं : मुंबईहून सुटणार रात्री दोनला, न्यूयॉर्कला पोचणार त्याच दिवशी सकाळी आठला. म्हणजे सहा तास. आमची रत्नागिरी-मुंबई एसटी याहून जास्त घेते, आणि चहाला थांबते ते वेगळंच.

"साडेबारा हजार किलोमीटर हाय ना ओ?" बायकोने, सगुणाने, शंका काढली.

"विमान आहे ते. त्याला घाट लागत नाहीत."

सगुणाला वेळ पक्की हवी होती. आमच्याकडे घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते सुखरूप पोचेपर्यंत केर काढत नाहीत. काढला तर वाटेत विघ्न येतं. मृणाली आदल्या दिवशी निघाली तेव्हापासून झाडू कोपऱ्यात उभा होता आणि अंगणात फणसाची पानं साचत होती.

पहाटे मी अंगणातल्या बाकड्यावर आभाळ बघत पडलो. समुद्रावरून वारा येत होता. मनात आलं, सहा तास म्हणजे काहीच नाही. सगुणाने बांगड्याचं कालवण करावं, मी डबा घेऊन निघावं, पोरीला पोटभर जेवायला घालावं आणि रिकामा डबा घेऊन परत यावं. डोळा लागला तर मीच ढगांवरून चाललो होतो. मांडीवर डबा, आणि कालवण सांडू नये म्हणून विमान अगदी हळू चाललेलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आठ वाजले. फोन नाही. नऊ वाजले.

"कुठं गेली पोर माझी?" सगुणाचा आवाज कापायला लागला.

शेजारच्या अनिलने मोबाइलवर विमान शोधून काढलं. ते अजून जर्मनीवरच होतं.

"वाट चुकलंय," मी म्हणालो. माझा हिशोब चुकला असेल, हे मला सुचलंच नाही.

झालं. सगुणा रडायला लागली. पलीकडच्या घरातल्या गोदूबाई आल्या, केराने भरलेलं घर आणि रडणारी सगुणा बघून तोंडाला पदर लावून खाली बसल्या. त्यांना बघून अख्खी वाडी येऊन बसली. चहा झाला, बिस्किटं झाली, त्यांचा चुरा अंगणभर झाला. मग वीज गेली, अनिलचा मोबाइल बंद पडला आणि विमानही दिसेनासं झालं. पहाटेचं ते आभाळ मला आता नको इतकं मोठं वाटत होतं.

साडेपाचला फोन वाजला.

"बाबा, पोचले. इथे सकाळचे आठ वाजलेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघितलंत? आठ म्हणजे आठ!"

सगुणाने डोळे पुसले, कोपऱ्यातला झाडू आणला आणि माझ्या हातात दिला.

"घ्या. सहा तासांत होईल."

तेवढे लागले नाहीत. पण मधे चहाला मात्र कुणी थांबू दिलं नाही.