मुक्या अंगठीचा तपास

माझे साडू अ‍ॅम्ब्रोज पेटिफर स्वतःची ओळख करून द्यायला लागले की समोरच्याने खुर्ची ओढून बसावं. उभ्याने ती झेपत नाही. आपले कान वटवाघळाचे, नजर घारीची आणि बुद्धी... इथे त्यांना योग्य प्राणी सापडत नाही, म्हणून 'बुद्धी माझी स्वतःची' असं सांगून ते थांबतात. तीस वर्षं त्यांनी इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या कालव्यांत काठी बुडवून पाणी मोजलं. निवृत्तीनंतर धातू शोधायचं मशीन घेतलं आणि त्याच दिवशी गुप्तहेर झाले. मी टपालखात्यातून सुटलो तो थेट त्यांचा फावडेवाला झालो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे या नोकरीत राजीनाम्याची सोय नाही.

ऑगस्टमधल्या चर्चच्या जत्रेत विनिफ्रेड स्लेटरबाईंची लग्नाची अंगठी हरवली. बाई एक्याऐंशीच्या. जत्रेत चंदेरी वाट्यांत भाजलेल्या, जॅम भरलेल्या गोड टार्टचं टेबल त्यांचंच असतं. त्यांचा नवरा सिरिल दोन वर्षांपासून वृद्धाश्रमात आहे. तो बायकोचा चेहरा विसरला, घर विसरला. पण रोज दुपारी बाई जाऊन बसल्या की त्यांचा हात हातात घेऊन तो बोटातली अंगठी गोल फिरवायचा आणि थोड्या वेळाने 'विनी' म्हणायचा. जत्रेनंतरच्या रविवारी त्याने तो हात चाचपला, खाली ठेवला आणि विचारलं, "नर्सबाई, माझी बायको कधी येईल?" सोमवारी बाई पडद्याची पितळी कडी घालून गेल्या. त्याने ती काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

हे ऐकून मी खिशात रुमाल शोधू लागलो. अ‍ॅम्ब्रोजना रुमाल लागत नाही. त्यांनी प्रकरण स्वीकारल्याची घोषणा केली.

चर्चमागच्या मैदानावर सत्तर वर्षं जत्रा भरते आहे. तिथे गवताखाली माती कमी आणि खिळे, बाटल्यांची बुचं, चंदेरी कागद, बीअरच्या डब्यांच्या कड्या जास्त. अ‍ॅम्ब्रोजनी मशीनच्या दांड्याला जमिनीवरून फिरवायची सगळ्यात मोठी तबकडी लावली, ताकद शेवटच्या आकड्यावर नेली आणि चालू केलं. ते असं किंचाळलं की शेजारच्या शेतातल्या मेंढ्या कुंपण सोडून लांब जाऊन उभ्या राहिल्या. ताकद थोडी कमी करून पाहू, असं मी सुचवलं. सिंहाला कोणी हळू बोल म्हणत नाही, असं उत्तर आलं. मग त्यांनी बोट दाखवलं आणि मी खणलं. अकरा खड्डे, अकरा कड्या.

कंटाळून त्यांनी बटणं दाबून मशीनला हुकूम सोडला: कड्या, बुचं, चंदेरी कागद, यातलं काहीही दिसलं तरी गप्प बसायचं. मशीन गप्प झालं. साहेबांनी गवत कापल्यासारखी तबकडी भराभरा फिरवत सगळं मैदान चाळीस मिनिटांत संपवलं.

"अंगठी इथे नाही," ते म्हणाले. "हे मौनच पुरावा आहे, विल्फ. ही चोरी आहे."

पहिला संशय पक्ष्यावर. अंगठी कावळ्याने नेली असणार म्हणून चौसष्टाव्या वर्षी मला झाडावर चढवलं. घरट्यात निळी सुतळी होती. मग त्यांना सुचलं की अंगठी टार्टमध्ये पडली आणि कोणीतरी गिळली. त्या सिद्धान्तापायी आम्ही सहा घरी जाऊन लोकांच्या पोटाची चौकशी केली. चार घरांनी दार लावलं, पाचव्याने कुत्रा सोडला आणि सहाव्या घरच्या आजोबांनी इतक्या तपशिलात उत्तर दिलं की माझी दोन दिवस अन्नावरची वासना उडाली.

इथपर्यंत सगळा पोरखेळ होता. पण गुरुवारी चर्चच्या सभागृहात, चौदा माणसांसमोर, अ‍ॅम्ब्रोजनी बेरिल कट्सकडे बोट केलं. बेरिलचं केकचं टेबल स्लेटरबाईंच्या शेजारी असतं आणि बक्षीस अकरा वर्षं टार्टलाच मिळतं. मत्सर हा हेतू, शेजार ही संधी, असं ते व्याख्यान. स्लेटरबाईंची नजर एकदा बेरिलच्या एप्रनच्या खिशावर गेली. क्षणभरच गेली, पण बेरिलने ती पाहिली. चाळीस वर्षांच्या मैत्रिणी त्या.

बेरिलने शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं वाढपाचं काम केलं आहे. ती भांडत नाही, रांग लावते. शुक्रवारी सकाळी ती गमबूट घालून मैदानात आली.

"माझी झडती नंतर घ्या," ती म्हणाली. "आधी मशीनची घेऊ. याची पुस्तिका कुठाय?"

पुस्तिका खोक्यात होती, प्लॅस्टिकच्या वेष्टनात, घेतली तशी. बेरिलने दातांनी वेष्टन फाडलं आणि बाकावर बसून ती अर्धा तास वाचली. तेवढ्या वेळात अ‍ॅम्ब्रोजनी अंतःप्रेरणेवर भाषण केलं. मग तिने त्यांच्या बोटातली लग्नाची अंगठी मागितली, गवतावर ठेवली आणि वरून तबकडी फिरवायला सांगितलं.

मशीन गप्प. त्यांनी पुन्हा फिरवली. गप्प.

"म्हणजे तुमचं लग्न झालेलंच नाही," बेरिल म्हणाली. "मौनच पुरावा."

पुस्तिकेत पाचव्याच पानावर लिहिलं होतं की सोन्याची बारीक अंगठी आणि डब्याची कडी मशीनला सारखीच वाटतात. एकीला बोलू नको म्हटलं की दुसरीही मुकी होते. साहेबांनी कचऱ्याचं तोंड बांधलं आणि त्यात सोन्याचंही बांधलं गेलं.

बेरिलने लहान तबकडी लावली, म्हणजे एका वेळी एकाच वस्तूचा आवाज येईल. ताकद निम्म्यावर आणली. फक्त लोखंडी खिळ्यांना गप्प बसवलं, बाकी सगळ्यांना बोलू दिलं. आणि इस्त्री फिरवावी तशी संथ चालली. जिथे आवाज, तिथे मी खणायचं, कटकट न करता. दोन दिवस आम्ही हेच केलं. माझे गुडघे गेले आणि कड्यांनी एक बादली भरली. अ‍ॅम्ब्रोज घडीच्या खुर्चीत बसून याला हमाली म्हणत होते.

शनिवारी दुपारी स्लेटरबाईंच्या टेबलाच्या जागी एक अर्धवट, तोतरा आवाज आला. मी पुढे गेलो असतो. बेरिल थांबली, उलट्या बाजूने आली आणि तबकडी पुन्हा फिरवली. मी चमच्याने माती काढली. वर टार्टची चुरगळलेली चंदेरी वाटी निघाली आणि तिच्याखाली, बोटभर अंतरावर, अंगठी. बाईंचं बोट वयाने बारीक झालं होतं. टेबल आवरताना ओल्या हातातून ती घसरली आणि कोणाच्यातरी बुटाखाली गवतात दाबली गेली. चोर नाही, कावळा नाही, पोट तर नाहीच.

बेरिलने ती एप्रनला पुसली आणि स्वतः नेऊन बाईंच्या हातात दिली.

"बेरिल, मी त्या दिवशी..." बाईंनी सुरुवात केली.

"पाहिलं मी," बेरिल म्हणाली. "घाल ती. आणि आत दोरा गुंडाळ, नाहीतर हा विल्फ पुन्हा खणायचा नाही."

तासाभरात मी दोघींना गाडीतून वृद्धाश्रमात नेलं. अ‍ॅम्ब्रोज न बोलावता मागच्या सीटवर येऊन बसले. प्रकरणाची सांगता तपास-अधिकाऱ्यानेच करायची असते म्हणे. मैदानावर पहिल्यापासून आपलाच संशय होता, हे त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं. बेरिलने खिडकीची काच खाली केली.

सिरिल खिडकीपाशी बसला होता. बाई शेजारी बसल्या. त्याने हात हातात घेतला. बोट चाचपलं. अंगठी एकदा फिरवली, मग उलटी फिरवली. आम्ही दारात उभे होतो.

"विनी," तो म्हणाला. "आज उशीर झाला."

"हो रे," बाई म्हणाल्या. "जरा शोधाशोध चालली होती."

बेरिल तोंड फिरवून पडद्याकडे बघत राहिली. तेवढ्यात अ‍ॅम्ब्रोज घसा खाकरून एक पाऊल पुढे सरकले. सिरिलने अंगठी फिरवतच मान वर केली आणि बायकोला विचारलं, हा उंच माणूस कोण?

बाईंनी वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "तू चहा घे."