चढावरचा धूर

“माझ्या नवऱ्याच्या पेटीवर काजळीचा एक ठिपका जरी पडला ना सिल्वेरियो, तर त्याच्या शेजारीच तुला पुरीन,” मनांग फेलिसाने चर्चच्या पायरीवर बजावले. सिल्वेरियो गावातली शववाहिका चालवत असे. फेलिसा त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून तो तिला मनांग, म्हणजे ताई म्हणे.

तिचे बोलणे उगाच नव्हते. तिच्या नवऱ्याने, बाल्दोमेरोने, तीस वर्षे जीपनी, म्हणजे प्रवाशांची लांब जीप, चालवली आणि तीस वर्षे पुढच्या गाडीचा धूर गिळला. शेवटची अकरा वर्षे तर खोकण्यातच गेली. म्हणून तिने सगळ्यांना बजावले होते, पांढरे कपडे घालून या. साठ माणसे पांढरीशुभ्र होऊन आली होती.

“मनांग, गेल्याच आठवड्यात गाडी धुराच्या तपासणीत पास झालीय. कागद दाखवू?”

कागद खरा होता. तपासणीआधी सिल्वेरियोने रिकामी गाडी तासभर हायवेवर पिटाळून इंजिन चांगले तापवले होते, हे तेवढे त्या कागदावर नव्हते.

आज गाडीचा स्टार्टर रुसला होता. एकदा बंद केली की पुन्हा चालू होईल याची खात्री नाही. म्हणून मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, संपेपर्यंत त्याने इंजिन तसेच घरघरत ठेवले. फादर बाल्दोमेरोचे बालमित्र. ते दोन तास बोलले. डिझेलचे इंजिन नुसते उभ्याउभ्या चालले की कोमटच राहते, तेल धड जळत नाही आणि अर्धेकच्चे सगळे नळीत साचत जाते. सिल्वेरियोला हे ठाऊक होते. पण चर्चच्या दारात मयताची गाडी बंद पडणे त्याहून वाईट.

बाजारापर्यंत सपाट रस्ता होता, तोवर निभावले. दफनभूमीचा चढ लागला तेव्हा गाडीत भारी लाकडाची पेटी, वर हारांचा ढीग आणि गुडघे दुखतात म्हणून चढून बसलेल्या पाच म्हाताऱ्या. वेग माणसांच्या पावलांचा. इंजिन कण्हू लागले. सिल्वेरियोने पाय दाबला.

भक्क!

आरशातली साठ माणसे नाहीशी झाली.

“अरे पाय काढ! पाय काढ!” धुरातून ओनोफ्रेचा आवाज आला. तो बाल्दोमेरोचा चुलतभाऊ, गॅरेजवाला. सिल्वेरियोने पाय काढला, तशी गाडी मागे घसरली. बायका किंचाळल्या. त्याने घाबरून पुन्हा दाबला. दुसरा ढग पहिल्याहून काळा निघाला.

“आता सोडू नकोस! दाबून टाक, साचलेलं एकदाचं निघून जाईल!”

“आधी ठरव रे, काढू की दाबू?”

त्याने दाबले. साचलेले निघाले, पण संपेना. शेवटी फादर म्हणाले, “आपण गाडीच्या पुढे चालू या.” सगळे पुढे गेले आणि नेमका खालून, समुद्राकडून वारा सुटला. धूर गाडीला वळसा घालून सगळ्यांच्या पुढे निघाला. फादरांचा झगा करडा झाला.

फेलिसा खिडकीशी आली. कपाळापासून हनुवटीपर्यंत काळी. “बंद कर.”

“मनांग, मग चालू व्हायची नाही.”

“बंद कर म्हटलं ना!”

त्याने बंद केली. म्हाताऱ्यांना उतरवले आणि साठ जणांनी खांदे लावले. सिल्वेरियोही उतरला. एक हात खिडकीतून स्टिअरिंगवर, खांदा दाराला. प्रार्थना चालू होती, पण प्रत्येक ओळीला धाप. अर्ध्या चढावर त्याला खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडावरून काढला तर थुंकी काळी.

शेजारून पेटीची गाडी ढकलणाऱ्या फेलिसाने तो रुमाल पाहिला. असले रुमाल तिने अकरा वर्षे धुतले होते. तिने आणखी जोर लावला.

दफन झाले. एका बाईने रडताना भलत्याच माणसाच्या खांद्यावर डोके ठेवले. चेहऱ्यावरून नवरा ओळखू येईना. कोणी हसले नाही.

सिल्वेरियो गाडी उतारावर सोडायला निघाला, तोच फेलिसा येऊन शेजारच्या सीटवर बसली. आता पुरते धुऊन काढणार, असे समजून त्याने मान खाली घातली. गाडी घरंगळली, गिअर पडला, इंजिन चालू झाले. रिकामी गाडी, उतार. मागे धुराचे नाव नाही.

“गुरुवारी सकाळी सहाला माझ्या दारात ये,” ती म्हणाली. “छातीच्या दवाखान्यात जायचंय. तिथली रांग मला ठाऊक आहे.”

“मला काही झालेलं नाही, मनांग. आजच्या धुरानं जरा घसा बसलाय.”

“तेही असंच म्हणायचे.”

बाजाराच्या वळणावर सिल्वेरियोने गाडी हळू केली. मग हळूच म्हणाला, “काही खाऊन येऊ की नको?”

“उपाशीपोटी.”

“म्हणजे कॉफीसुद्धा नाही?”

“कॉफीसुद्धा नाही,” फेलिसा म्हणाली आणि हातातल्या रुमालाने आधी त्याचे तोंड पुसले, मग आपले.