पहिली कायदेशीर खिडकी

त्या दिवशी सकाळी आईने चहात साखरेऐवजी मीठ टाकलं आणि बाबांनी तो चहा काही न बोलता संपवला. (चाळीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं आणि काय गिळायचं हे माणसाला कळलेलं असतं.) मुलगा मात्र पहिल्याच घोटाला मोरीकडे धावला. परत आला तेव्हा आई दोन्ही डबे नाकाशी धरून वास घेत होती. डबे एकाच रंगाचे, कोपरा अंधारा, एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला आणि दुसऱ्याचा काढायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, बारीक काम भरपूर उजेडात करा. पण त्या स्वयंपाकघरात दिवा लावूनही भर दुपारी दिवेलागणीची वेळ असल्यासारखं वाटायचं.

"इथे एक खिडकी हवी होती बघ," असं म्हणून आई शेंगा मोडायला बसली. मागणी अशी तिने केलीच नव्हती. पण मुलाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आईला खिडकी द्यायची.

दुसऱ्या कोणी हे ठरवलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. स्वयंपाकघराच्या दोन भिंती शेजाऱ्यांना लागून, तिसरीत आतल्या खोलीचं दार आणि घराचं दार मागच्या गल्लीत, म्हणजे राहिली रस्त्याकडची चौथी. गल्लीतल्या गवंड्याने ती थोपटून पाहिली आणि अर्ध्या दिवसाचं काम असल्याचं सांगितलं. रविवारी जुन्या घरांच्या जतनाचं सरकारी कार्यालय बंद असतं तेव्हा फोडायची, चौकट बसवायची आणि वरून चहाचं उकळलेलं पाणी मारायचं. आठ दिवसांत खिडकी दोनशे वर्षांची दिसायला लागते. गल्लीतल्या सहा ऐतिहासिक खिडक्या त्याने याच हातांनी घडवल्या होत्या आणि त्यांतल्या दोनांपुढे पाहुणे उभे राहून फोटोही काढत, हे त्याने जरा अभिमानानेच सांगितलं.

मुलाने कानांवर हात ठेवले.

त्याचं असं होतं की तो पाच वर्षं दूरच्या शहरात राहून जुन्या इमारतींचं जतन कसं करावं हे शिकून आला होता. तिथे नोकरी मिळत असताना ती सोडून आला होता, कारण त्याचं गाव, ही दगडी घरांची, उतरत्या कौलांची चार गल्ल्यांची वस्ती, सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केलं होतं. आल्या आल्या त्याने जतन कार्यालयासाठी विनामोबदला एकशे बारा घरांची नोंदवही तयार करून दिली. दर वाक्यात 'वारसा' हा शब्द येत असल्यामुळे गावाने त्याचं नावच वारसा ठेवलं. "वारसा, सायकल बाजूला घे," असं दूधवालासुद्धा म्हणायचा.

तर वारसाने जाहीर केलं की खिडकी होईल ती परवानगी घेऊनच. नियम आपणच पाळले नाहीत तर गाव कशाला पाळेल? हे तो इतक्या कळकळीने बोलला की गवंड्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, "तोवर आईने काय करायचं?"

"फार तर पंधरा दिवस," वारसा म्हणाला.

अर्ज चार प्रतींत द्यायचा होता. सोबत नकाशे, भिंतीचे चारी बाजूंनी फोटो (दोन बाजू शेजाऱ्यांच्या घरात असल्यामुळे त्यांच्या कपाटांचे फोटो जोडले), चुन्याचा नमुना बाटलीत आणि चौकटीचा रंग. रंगांना चार पर्याय होते: राखाडी, फिकट राखाडी, गडद राखाडी आणि दगडी. आईला निळा हवा होता. वारसाने तिला राखाडी रंगाचं ऐतिहासिक महत्त्व अर्धा तास समजावून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा, राखाडी," आणि भाजी करपली होती ती उतरवायला गेली.

मग कार्यालयाचा माणूस येऊन दारावर सूचना चिकटवून गेला. तिच्यात लिहिलं होतं की या घरात होऊ घातलेल्या बदलाबाबत कोणाची हरकत असल्यास एकवीस दिवसांत लेखी कळवावी. गावाला आजवर असं कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी घर विकायला काढल्याची बातमी पसरली आणि दोन गल्ल्या पलीकडचे काका कागदपत्रांची पिशवी घेऊन आपला हिस्सा किती ते विचारायला आले. खिडकीचं कळल्यावर त्यांची इतकी निराशा झाली की त्यांना दोनदा चहा द्यावा लागला. (गोडच होता. आईने चाखून पाहिला होता.)

एकवीस दिवसांत अकरा हरकती आल्या. तीन हरकती बाबांच्या रेडिओविरुद्ध होत्या, तो पहाटे पाचला सुरू होतो म्हणून. दोन मांजराबद्दल. एकाने चार वर्षांपूर्वी नेलेली शिडी परत मागितली होती. अकरावीवर सही नव्हती, पण अक्षर बाबांचं होतं: "चिरंजीवांनी जेवताना चुन्याविषयी बोलू नये."

खिडकीबद्दल एकही हरकत नव्हती. वारसा निर्धास्त मनाने सुनावणीला गेला. कार्यालयातल्या अधिकारी बाई मितभाषी होत्या. समोर टेबलावर फाइल, फाइलवर चष्मा आणि चेहऱ्यावर काहीही नाही. त्यांनी अकरा हरकती बाजूला सारल्या आणि बारावी आहे म्हणाल्या. ती कार्यालयाच्याच दप्तरातून निघाली होती. नोंदवहीतला क्रमांक सत्तेचाळीस त्यांनी सावकाश वाचून दाखवला.

"'रस्त्याकडील ही भिंत संपूर्ण वस्तीत एकमेव अखंड भिंत आहे. तिला एक छिद्र पाडणे म्हणजे येणाऱ्या पिढ्यांचा विश्वासघात होय. कोणत्याही सबबीवर बदलास परवानगी देऊ नये.'" बाईंनी मान वर केली. "'कोणत्याही सबबीवर' याच्याखाली दोनदा रेघ आहे. ही नोंद कोणी केली?"

"मी," वारसा म्हणाला. त्याच्या लक्षात होती ती. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बाकीच्या एकशे अकरा घरांच्या नोंदीत आतल्या खोल्यांची मापं आहेत, उजेड आहे, ओल आहे. या घराचं आतलं काहीच नाही. तुम्ही आत गेला होतात का?"

"माझंच घर आहे ते."

"म्हणून विचारलं," बाई म्हणाल्या.

नियम सरळ होता. नोंद बदलायची तर ज्याने ती केली त्यानेच चूक झाल्याचं लेखी द्यायचं, आतली पाहणी करायची, आणि मग बाई स्वतः येऊन बघणार. नाहीतर अर्ज फेटाळला, आणि फेटाळलेला अर्ज तीन वर्षं पुन्हा करता येत नाही. तीन वर्षं आई डब्यांचे वास घेत बसणार, हे वारसाला पायऱ्या उतरताना कळलं आणि तो तिसऱ्या पायरीवर बसलाच.

घरी येताना गवंडी भेटला. फक्त रविवार परवाच आहे एवढं आठवण करून दिल्यासारखं बोलला. खरं सांगायचं तर वारसा क्षणभर डळमळला. पण मग त्याला वाटलं, चूक आपली आहे, आणि ती चहाच्या पाण्याने झाकली तर ती दोनशे वर्षांची होईल.

दुसऱ्या दिवशी तो वही, फूटपट्टी आणि उजेड मोजायचं यंत्र घेऊन सकाळी सातला स्वयंपाकघरात स्टुलावर जाऊन बसला. आईने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. मग तिला वाटलं याला भूक लागली असेल, म्हणून तीनदा खायला दिलं. मग ती त्याला विसरली आणि आपल्या कामाला लागली, आणि वारसाला दिसायला लागलं.

ती सुरी डोळ्यांनी शोधत नव्हती. आधी पाटाची कड चाचपायची, मग त्या कडेवरून मुठीपर्यंत बोटं न्यायची. दूध उतू जाण्याआधी तिला आवाजावरून कळायचं. भाजी शिजली की नाही हे ती पळीला विचारायची. यंत्राचा काटा सकाळी सातला जिथे होता तिथून दुपारी बारालाही हलला नव्हता. वारसाने दोनदा ते झटकून पाहिलं.

दहाच्या सुमारास ती धान्याचं ताट घेऊन बाहेर दाराच्या पायरीवर जाऊन बसली. वारसा तिच्यामागे गेला आणि एकदम थबकला. हे दृश्य त्याने नोंदवहीत घातलं होतं, फोटोसकट. 'पायरीवर निवांत धान्य निवडणारी स्त्री हा या गल्लीच्या लोकजीवनाचा मनोहर अलंकार आहे' असं खाली लिहिलं होतं. कार्यालयाच्या माहितीपत्रकावर आता तोच फोटो छापून आला होता.

"आई, तू इथे का बसतेस?"

"मग कुठे बसू?" आई खडा वेचत म्हणाली. "आत खडा दिसतो का?"

"मला वाटायचं तुला आवडतं."

"उन्हात पाठ भाजते रे माझी. आणि येणारा जाणारा माझे फोटो काढतो."

वारसाने संध्याकाळपर्यंत पंधरा कागद फाडले. आधी त्याने चूक का झाली याची कारणमीमांसा लिहिली, मग तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी. बाबांनी ती वाचून, रेडिओ बंद न करताच, विचारलं, "यात चूक कुठे लिहिलीस?" मग त्याने सोळावा कागद घेतला आणि चार ओळी लिहिल्या. 'नोंद क्रमांक सत्तेचाळीस करताना मी या घरात गेलो नव्हतो. मी तिथे फक्त राहत होतो. माझी आई त्या भिंतीमागे अंधारात काम करते. नोंद चुकीची आहे.' बाबांनी कागद दोनदा वाचला, आणि रेडिओचा आवाज कमी केला. (त्या घरात यापेक्षा मोठा सन्मान नव्हता.)

बाई पुढच्या मंगळवारी आल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. वारसाने आत दिवा लावू नको म्हणून आईला बजावलं होतं, म्हणजे पाहणी प्रामाणिक होईल. बाई उन्हातून थेट स्वयंपाकघरात आल्या, उंबऱ्यावर थांबल्या, एक पाऊल पुढे टाकताच त्यांचा गुडघा कशावर तरी आपटला आणि त्यांनी शांतपणे हातातली फाइल टेबलावर ठेवली. ते टेबल नव्हतं, मळलेल्या पिठाची परात होती.

"अगं बाई, लागलं का?" आई पुढे झाली. तिने अंधारात अचूक बाईंचा हात धरला, स्टुलावर बसवलं, पाण्याचं भांडं त्यांच्या हातात दिलं, फाइल उचलून पीठ पुसलं. हे सगळं होईपर्यंत वारसा दाराची कडी शोधत होता.

बाई पाणी प्यायल्या. डोळे सरावायला त्यांना बराच वेळ लागला. मग विचारलं, "तुम्ही इथे कसं काम करता?"

"सवयीने," आई म्हणाली. "पण डोळा बरा झालाय तर वाटतं, जरा बघावं."

बाईंनी तिथेच, पिठाचे ठसे असलेल्या कागदावर, स्टुलावर बसल्या बसल्या लिहिलं. दीड फूट रुंद, दोन फूट उंच, लाकडी चौकट, मंजूर. मग चष्मा पुसता पुसता आईला म्हणाल्या, रंगाच्या यादीत निळा पूर्वी होता, कोणी मागितला नाही म्हणून गळला. मागितलात तर पुन्हा घालता येईल. वारसा राखाडीच्या ऐतिहासिक महत्त्वाबद्दल काहीतरी म्हणणार होता. पण त्याने तोंड मिटलं, आणि त्याच्या शिक्षणाचा खरा उपयोग बहुधा त्या क्षणी सुरू झाला.

खिडकी एका बुधवारी, सकाळी अकराला, सगळ्या गल्लीदेखत झाली. गवंड्याला सुचेना. दिवसाढवळ्या, परवान्याचा कागद समोर टांगून त्याने आजवर भिंत फोडली नव्हती. प्रत्येक घावागणिक तो रस्त्याकडे बघत होता आणि कोणी साहेब येताना दिसला की हातोडा पाठीमागे लपवत होता. माणसं टाळ्या वाजवत होती. काकाही आले होते. दुपारपर्यंत सात जणांनी वारसाकडे अर्जाचे नमुने मागितले. कोणाच्या म्हाताऱ्याला जिन्याला कठडा हवा होता, कोणाच्या सुनेला न्हाणीत उजेड. यातल्या दोघांच्या घरी गवंड्याच्या दोनशे वर्षांच्या खिडक्या होत्या, आणि त्याही कायदेशीर करून घेता येतील का असं ते हळूच विचारत होते. बाईंनी निरोप पाठवला की सातही घरांच्या नोंदी त्याने आत बसून तपासाव्यात, कार्यालय त्याला यापुढे पगार देईल. वारसाला वाटलं गाव बदलतंय. आणि खरंच थोडं बदलत होतंही.

शेवटचा दगड निघाला आणि उन्हाचा एक जाड पट्टा ओट्यावर पडला. आई बराच वेळ त्यात हात धरून उभी राहिली. हात उलटा केला, सुलटा केला. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि रेडिओ आतल्या खोलीत कुणाचंही न ऐकता वाजत राहिला. आता आई काय म्हणेल, ते नोंदवहीत कसं लिहायचं, याची वारसा मनात तयारी करायला लागला.

आईने मांडणीवरची एक ताटली उचलून उजेडात धरली. मग दुसरी. मग वाटी, मग पेला, पेल्यात बोट फिरवून पाहिलं. मग पदर खोचून तिने मांडणीवरची सगळी भांडी उतरवली आणि मोरीत नेऊन घासायला घेतली.

गावात परतल्यापासून जेवणानंतरची सगळी भांडी वारसा स्वतः घासत असे. घरकाम पुरुषांनीही केलं पाहिजे, यावर त्याची दोन भाषणंही झाली होती.

"आई, ती धुतलेली आहेत," तो म्हणाला.

"हो रे, माहीत आहे," आई मायेने म्हणाली. "अंधारात अगदी स्वच्छ वाटायची."