ओढ्याची फेलोशिप

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या माफ कराव्यात. सातवीत शाळा सुटली, मोठे शब्द मला येत नाहीत. झालं ते एवढंच, की आमच्या कोंढेवाकीच्या ओढ्याला हॉलंडात फेलोशिप मिळाली आणि त्याच्या सोबतीला मी गेलो.

उन्हाळ्यात तो नाहीतरी गावात नसतोच, त्यामुळे ग्रामसभेने हरकत घेतली नाही. 'आषाढाच्या आत परत आणतो,' असा शब्द मात्र मी दिला होता. गावाला दुसरं पाणी नाही.

तिथे कालव्याच्या काठी विद्वानांसाठी एक मोठं घर होतं. आम्हाला वरच्या मजल्यावरची खोली दिली. ओढा टबात राहायचा, मी शेजारी खाटेवर. त्याचा विषय होता, 'उतार नसेल तर पाण्याने काय करावे'. तो देशच सपाट, त्यामुळे विषय सगळ्यांना आवडला.

दर गुरुवारी सगळे एकत्र जेवायचे आणि आठवड्यात काय काम झालं ते सांगायचे. नागपूरच्या रिसबूडबाई कालव्यांचा इतिहास लिहीत होत्या. त्या म्हणायच्या, "पहिलंच प्रकरण चालू आहे." ओढ्याला मी बादलीतून न्यायचो. तो म्हणायचा, "ह्या आठवड्यात आणखी थोडा कमी हललो." लोक माना डोलवायचे.

ज्येष्ठ संपत आला तेव्हा तो अजिबात हलेनासा झाला. संचालकांना फार आनंद झाला. ते वर्षभर मुदत वाढवून द्यायला तयार आहेत, असं रिसबूडबाईंनी आम्हाला मराठीत सांगितलं.

"मग राहतो मी," ओढा म्हणाला. "इथं कुणी अंगावर म्हशी घालत नाही."

"अन् गावाचं काय?"

"तू जा की. सांग, अभ्यासात हाय."

मी गावाकडे आत्याला फोन लावला आणि टबाच्या काठावर ठेवला.

"राहू दे त्याला," आत्या म्हणाली. "शिकणाऱ्याला कशाला आडवायचं? आम्ही जाऊ वडगावच्या ओढ्यावर. लांब हाय, पण जाऊ. नव्या पाण्याची ओटीबी यंदा त्याचीच भरू."

"त्याची?" ओढा म्हणाला. "त्याला धड खळखळता येत न्हाई."

"नसंल येत. हजर तरी असतो."

आत्याने फोन ठेवला. जेवायची वेळ झाली. मग ओढा हळूच म्हणाला, "सुदाम, मला आता वाहता येईल का रं?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिसबूडबाईंकडे दोन जाड ग्रंथ मागितले.

"वाचायला घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई, टेकू द्यायला."

त्यांनी आणखी एक जाड बघून दिला.

टबाच्या भिंतीकडच्या पायांखाली मी ते सारले. बराच वेळ काही झालं नाही. मग ओढा काठावरून खाली आला, फरशीवर जरा घोटाळला, आणि जिन्याकडे वळला. मी चपला हातात घेतल्या आणि त्याच्या मागोमाग निघालो.