तेलकट तोंड आणि बाथरूमबाहेरची पावलं

माझा प्लॅन एकदम सॉलिड होता! ऋषीची आई, सुलेखाकाकू, परवाच नागपूरहून इकडे टेक्सासात, शुगर लँडला आल्या होत्या आणि आज पाच वाजता माझ्या अपार्टमेंटवर चहाला येणार होत्या. मला पहिल्यांदाच भेटणार! आमच्या लग्नाचं पुढे सरकणार की नाही, ते या चहावर होतं. त्यात ऋषीने सांगून ठेवलेलं, "सई, आई चेहरा बघून माणूस ओळखते हं!"

म्हटलं, ओळखू देत! असा चेहरा चमकवते की काकू गॉगल मागतील!

ऑफिसातल्या प्रीताने मला ऑइल क्लेन्झिंग शिकवलं होतं. कोरड्या चेहऱ्यावर तेल चोळायचं, की मेकअप, सनस्क्रीन, घाण, सगळं विरघळून बाहेर! "क्लेन्झिंग ऑइलच घे गं, ते पाण्याने लगेच निघतं," असंही ती बिचारी म्हणाली होती. पण मी शहाणी ना! घरचं खोबरेल घेतलं, त्यात एरंडेल ओतलं. प्युअर एकदम!

तासभर आधी बाथरूममध्ये शिरले आणि चोळ चोळ चोळलं. मस्कारासकट! डोळ्यांसमोर धुकं झालं, हात कोपरापर्यंत बरबटले. पाणी मारलं, तर ते अळवाच्या पानावरून ओघळावं तसं नुसतं घरंगळून गेलं!

आणि तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं.

यार, मी गोठलेच! कॉम्प्लेक्सची ईमेल आली होती, शेजारच्या बिल्डिंगमध्ये चोरी झालीये, काळजी घ्या म्हणून. चावी फक्त ऋषीकडे, पण तो येतो तो दारातूनच बोंबलत येतो. ही पावलं हळू होती. दबकत दबकत किचनकडे गेली. मग एकेक ड्रॉवर उघडल्याचा आवाज.

चोराला किचनमध्ये काय हवं असणार? सुरी!

फोन उचलला. फोन माझा चेहरा ओळखेना! अंगठा लावला, सरकला. पासकोड मारला, बोट भलत्याच आकड्यावर. मग फोनच साबणासारखा उडाला आणि थेट टबात! दार लॉक करायला गोल नॉब धरला, तर तोही हातात नुसता गरगरतोय!

पावलं बाथरूमकडे यायला लागली. मी टॉयलेट तुंबल्यावर वापरायचं प्लंजर उचललं, श्वास घेतला आणि पोटातून जाडाभरडा आवाज काढला, "आय हॅव अ गन!"

बाहेर धाडकन काहीतरी पडलं. मग किंकाळी!

"ऋषी! धाव रे! बाथरूममध्ये बंदूकवाला शिरलाय! पोरीला आत कोंडलंय मेल्याने!"

टेक्सासमधला कुठलाही चोर 'मेल्याने' म्हणत नाही. या तर सुलेखाकाकू! खरं सांगते, चोर परवडला असता!

"काकू, मी सई! आत मी एकटीच आहे!"

"घाबरू नको बेटा! तो तुला असं बोलायला लावतोय ना?"

मी नॉब खडखडवायला लागले, तसा काकूंनी तो बाहेरून गच्च धरला. "येऊ तर दे बाहेर! लाटणं आहे माझ्या हातात!"

तेवढ्यात गाडी पार्क करून ऋषी धावत आला. त्याने दार ओढलं आणि मी धप्पकन बाहेर. काळं थबथबलेलं तोंड, हातात प्लंजर! ऋषी आईच्याही वरच्या पट्टीत किंचाळला!

काकू मला ओलांडून आत घुसल्या. शॉवरचा पडदा ओढला. "कुठे गेला तो?"

"कोण, काकू?"

"जाड आवाजाचा माणूस! मी माझ्या कानांनी ऐकलाय!"

आता ऋषीही माझ्याकडे बघायला लागला. "सई, आत कोण होतं?"

संपलं! होणाऱ्या सासूबाईंना माझ्या बाथरूममध्ये परका पुरुष सापडत नव्हता, हाच प्रॉब्लेम! शेवटी डोळे मिटून तोच जाडाभरडा आवाज काढला, "आय हॅव अ गन."



काकूंनी लाटणं खाली ठेवलं. "चहाचं भांडं शोधत होते गं मी," त्या पुटपुटल्या. "जेटलॅगने झोप येईना, म्हणून लवकर आलो. याने चावी देऊन मला पुढे पाठवलं, तुला मेसेजही केला होता की!" मग मला सिंकपाशी नेलं, डब्यातलं बेसन काढलं आणि करपलेल्या कढईसारखं माझं तोंड घासलं. कातडी राहिली तरी का, याचीच मला धास्ती! चहा पिताना त्या एकटक माझ्याकडे बघत होत्या. मी कपातच बघत होते.

त्यांना घरी सोडल्याबरोबर ऋषीचा फोन आला. मी जीव मुठीत धरून विचारलं, "काय म्हणाल्या?"

"हो म्हणाली! तू पसंत आहेस! फक्त एकच सांगायला सांगितलंय."

"क... काय?"

"चेहरा फार कोरडा आहे म्हणे तुझा. रोज थोडं तेल लावत जा!"