राघोशेठच्या जीपचा आवाज

"तो आला तर मी नाय म्हनून सांग," कान्हा भोईर दुकानातल्या टेबलाखाली शिरता शिरता बायकोला म्हणाला.

"अवो, दुकान हाय ना आपलं? गिऱ्हाइकाला बघून लपतं का कोन?" शालनने विचारलं.

शालनचं म्हणणं रास्त होतं. पण येणारं गिऱ्हाईक राघोशेठ होता, आणि आज तो पायी येणार होता. म्हणजे कधी येईल ते आधी कळायची काही सोय नव्हती. गावातल्या लोकांना या गोष्टीची भीती नव्याने वाटायला लागली होती, आणि तिला कारण खुद्द कान्हाच होता.

कान्हा जन्मजात भित्रा. बॅटरीच्या तारेलासुद्धा तो रबरी चपला घालूनच हात लावायचा. असा माणूस ठाण्याला नौपाड्यात कारटेपच्या दुकानात काम शिकला आणि ब्याण्णव साली त्याने डोंबिवलीहून शीळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आपल्याच गावात, स्वतःचं दुकान टाकलं. गाडी बघून तिच्या मापाची प्लायवूडची पेटी बनवायची आणि तिच्यात स्पीकर बसवायचे, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अडचण एवढीच, की गावात चारचाकी गाड्या तीन. एक चालत नव्हती. दुसरी डॉक्टरांची, आणि डॉक्टरांना आवाजाने डोकेदुखी व्हायची. उरली राघोशेठची जीप.

राघोशेठच्या वीटभट्ट्या होत्या, खाडीत रेतीच्या होड्या होत्या आणि त्याचा हात तोंडाच्या आधी चालायचा. तो जीप घेऊन दारात आला तेव्हा कान्हाने आधी रबरी चपला घातल्या.

"गाना मना आयकाचा नाय," राघोशेठ म्हणाला. "गावाला आयकवाचा हाय. मी निंगालो का पलीकडच्या पाड्यावर समजला पायजे. कलला?"

कान्हाला कळलं. त्याने भीतीपोटी जे काम केलं, तसं प्रेमापोटीही कोणी केलं नसतं. मागच्या सीटखाली ट्रंकेएवढी पेटी, तिच्यात दोन वूफर, दारांत चार स्पीकर. जीप पहिल्यांदा गावातून गेली तेव्हा फळीवरचे डबे खाली आले आणि चहावाल्या भागीरथीच्या कोंबड्या दोन दिवस खुराड्यातून बाहेर पडल्या नाहीत. राघोशेठ खूश झाला. कान्हाला वाटलं, सुटलो.

आठवड्याने भट्टीवरचा विश्राम टोपलीभर वांगी घेऊन आला आणि थेट कान्हाच्या पाया पडला.

"देवमानूस हायस तू!"

"मी काय केला?"

"पयले शेट कवा येल त्याचा नेम नव्हता. आता जीप रस्त्याच्या मोरीजवल आली का आमी उठताव, बिड्या इझवताव न कामाला लागताव. चांगला टाइम मिलतो."

कान्हाने आधी रस्त्यावर कोणी ऐकलं नाही ना ते बघून घेतलं. मागोमाग भागीरथी अंडी घेऊन आली. राघोशेठ तिच्या टपरीवर रोज फुकट चहा प्यायचा. आता लांबून ढमढम ऐकू आलं, की ती चुलीवर पाणी ओतून घरी जायची. पारावरच्या पत्तेवाल्यांनी तर खाडीतले निवटे मासे आणून दिले. कान्हा घाबरून सगळं माळ्यावर लपवायचा. निवटेही. त्यांचा वास गावभर सुटला, तेव्हा शालनने त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

मग एक दिवस राघोशेठ आला. चेहरा उतरलेला.

"कान्हा, जाईन तिथं गाव सुना. चुली थंड, पारावर कुतरा नाय. भट्टीवर सगले घामाघूम, पन ईट काय वाढत नाय. कोनी करनी तर केली नसंल माझ्यावर?"

"आवाज जरा कमी करून बघू का, शेट?" कान्हा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"आवाजाचा न करनीचा काय संबंध?"

"करनी आवाजाच्या मागनं येते," कान्हा म्हणाला. घाबरलेला माणूस काहीही बोलतो, आणि करणीच्या धाकातला माणूस ते ऐकतो. कान्हाने आवाज कमी केला.

दुसऱ्याच दिवशी राघोशेठला भट्टीवर विटांच्या सावलीत घोरणारा विश्राम सापडला, टपरीवर उकळता चहा सापडला आणि पारावर अख्खा डाव सापडला. विश्रामच्या गालावर पाच बोटं उमटली. संध्याकाळी सगळा गाव कान्हाच्या दारात.

"आवाज वाढव, नायतर दुकानाला कुलूप लावू!" भागीरथीने बजावलं.

इकडे आड, तिकडे विहीर. राघोशेठ जीपचा फ्यूज बदलायला आला, तेव्हा कान्हाने गुपचूप आवाज पुन्हा वाढवला. गाव पुन्हा रिकामं झालं.

पण वीटभट्टी चालवणाऱ्याला एवढा हिशेब येतोच. आवाज वाढला की गाव गायब, कमी झाला की गाव हजर. आज सकाळी त्याने निरोप धाडला होता: 'कान्हाला सांगा, मी येताव. चालत येताव.'

"कान्हा," दारातून आवाज आला. "टेबलाखालून भाईर ये. पाय दिसतान तुझे."

शालन केव्हाच मागच्या दाराने पसार झाली होती. कान्हा रांगत बाहेर आला, डोळे मिटले आणि गाल पुढे केला. बराच वेळ काही झालं नाही. डोळे उघडले तर राघोशेठ दुकानाचं शटर अर्धं खाली ओढत होता. कान्हाने मनातल्या मनात एकवीरा आईला कोंबड्याचा नवस बोलला.

"सगला कललाय मना," राघोशेठ जवळ येऊन कुजबुजला. "तुला मारनार होताव. मंग डोक्यात आला, चीज कामाची हाय. माझी आय म्हाईत हाय ना, ठमाबाय?"

ठमाबाईला कोण ओळखत नव्हतं? सत्तरीची बाई, हातात काठी. शेतांवर नजर ठेवायला तिने स्वतःची रिक्षा ठेवली होती, ड्रायव्हरसकट.

"मी दोस्तांबरोबर जरा बाटली घेऊन बसलो, का म्हातारी पाठी हुभी. कवा येते, कशी येते, समजतच नाय. न चारचौघांत काठीनं हानते रं! या वयात!" राघोशेठने नकळत पाठ चोळली. "तिच्या रिक्षेला पेटी बसव. माझ्या जीपच्या दुप्पट. पन तिला बोलाचा नाय, कशाला."

"काय बसवतंस रं?"

अर्ध्या शटरखालून वाकून ठमाबाई आत आली होती. रिक्षा तिने वळणावरच, इंजीन बंद करून, उभी केली होती.

"आये, तुझ्या रिक्षेला... भजना आयकाला," राघोशेठ म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

ठमाबाईने लेकाकडे पाहिलं, मग कान्हाकडे. काठी जमिनीवर आपटली.

"मंग बसव की! चांगली मोठी बसव. बंद कराचा बटन तवढा माझ्या हाताशी ठेव."

नाही म्हणायची कोणाची छाती होती? मागच्या सीटपर्यंत किती वायर लागेल ते मोजायला कान्हा मोजपट्टी घेऊन वळणाकडे निघाला. राघोशेठही निघाला, आईची काठी ज्या बाजूला होती तिच्या पलीकडून, कान्हाच्या आडोशाने.