विजयसिंह दादा स्टँडवर उभे आहेत

"एकटी?" कौसल्याबाईंनी हा शब्द असा काही उच्चारला, की जणू सुनेनं उजनी धरणाच्या पाण्यात डुबकी मारायची परवानगी मागितली होती.

राजेश्वरीनं मागितलं होतं ते इतकंच, की भिगवणच्या एका शाळेत तिला मुलाखतीला बोलावलं होतं आणि नोकरी मिळाली तर रोज बारामतीहून एसटीनं जाऊन-येऊन करायचं होतं. पण लग्न झाल्यापासून ती एकटी कुठं गेलीच नव्हती. नवरा, सौरभ, एमआयडीसीत नोकरीला. तो तिला दळणालासुद्धा मोटरसायकलवरून सोडायचा आणि गिरणीबाहेर गाडी चालू ठेवून उभा राहायचा.

"जा की," शेवटी कौसल्याबाई म्हणाल्या. "एकटी जा, एकटी ये. मधी घाबरून सौरभला फोन केलास, तर मग नोकरीचं नाव काढायचं न्हाय."

नणंद अबोली पुण्यात राहायची आणि पाठीला सॅक लावून पार हिमाचलपर्यंत एकटी हिंडून यायची. तिनं आदल्या संध्याकाळी फोनवर वहिनीची तयारी करून घेतली. "ताठ चालायचं, वहिनी. बाईशेजारी बसायचं. आणि कुणी नको त्या चौकशा करायला लागलं ना, की फोन कानाला लावायचा आणि मोठ्यानं बोलायचं. आपल्याला न्यायला कुणीतरी धिप्पाड माणूस आलाय, असं. पलीकडं कुणी नसलं तरी चालतं."

सकाळी इतकं धुकं होतं की एसटीच्या काचेबाहेर कुणीतरी चादर वाळत घातल्यासारखं वाटत होतं. राजेश्वरी ताठ चालत गाडीत चढली आणि नियमाप्रमाणे एका म्हातारीशेजारी बसली. म्हातारी पिंपळीची, दगडाबाई. लेकीकडं भिगवणला निघालेली. मांडीवर पिशवी, पिशवीत कोंबडी. कोंबडीही राजेश्वरीकडं टक लावून बघत होती.

गाडी एमआयडीसीच्या थांब्यावर उभी राहिली, तसा मागच्या बाकावरचा म्हस्कू नावाचा इसम पुढं वाकला. तोंडाला तंबाखूचा वास. "वैनी, एकट्याच का?"

राजेश्वरीला अबोलीचा नियम आठवला. तिनं फोन कानाला लावला.

"हां, हॅलो! दादा का?" आता दादाला नाव तर हवं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. चौकात मोठा फ्लेक्स होता. पिळदार मिशा, काळा गॉगल, खाली बुलेट, आणि ठळक अक्षरात 'विजयसिंह दादा'. त्याच्या खालचा मजकूर उसाच्या ट्रॉलीनं झाकला होता, पण असल्या फ्लेक्सवर वाढदिवसाशिवाय असणार काय? "विजयसिंह दादा, पोचलात का भिगवण स्टँडवर? बुलेट आणलीय ना? आणि गॉगल घाला, म्हणजे लांबून ओळखू याल."

मागचा तंबाखूचा वास थोडा लांब गेला. तिला हुरूप आला.

"काय म्हणता? ओले झालात? सगळे कपडे ओले? अहो, मग पाण्याकडं कशाला उभे राहिलात! धुकं केवढं आहे! इकडं स्टँडवर या. हो, हो, मी आल्याशिवाय जाऊ नका."

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि विजयी मुद्रेनं समोर बघितलं. गाडी सुटली होती. का कुणास ठाऊक, गाडीत कुणीच बोलत नव्हतं. कोंबडीसुद्धा.

"बाय," दगडाबाई हळूच म्हणाली, "ह्यो इजयसिंग म्हंजी भिगवणचा? मिशावाला? मासळीचा धंदा हुता त्येचा?"

भिगवणचा असेल तर बरंच, असं वाटून राजेश्वरी म्हणाली, "हो, तेच. माझे मानलेले भाऊ."

"आमच्या लेकीच्या दिराचा साडू त्यो." दगडाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "अगं, त्यो दोन वर्सामागं धुक्यात व्हडी घिऊन गेला. व्हडी आली. त्यो न्हाय आला."

राजेश्वरीनं पर्समधल्या फोनकडं बघितलं.

"ओला झालाय म्हनली," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"पान्याकडं हुबा हाय म्हनली."

"आनि म्हनली, मी आल्याबिगर जाऊ नका!"

"अहो, मी उगाच..." राजेश्वरी वळून सांगायला लागली, तर म्हस्कू दाराशी पोचलेला. "मास्तर, बेल मारा!" त्यानं कंडक्टरला विनवलं. "मला हितंच उतरायचंय!"

"हितं कुठं? हितं नुसता ऊस हाय!"

"ऊसच बघायचाय!" म्हणत म्हस्कू धुक्यात उतरला आणि दिसेनासा झाला.

दगडाबाई कोंबडीसकट मागं जाऊन बसली. तिकिटं काढत आलेला कंडक्टर दादासाहेब राजेश्वरीशेजारच्या रिकाम्या सीटकडं बघत जरा लांबच थांबला.

"भिगवण एक," राजेश्वरी म्हणाली.

"एकच ना?" त्यानं घसा साफ केला. "न्हाय, तुमाला बायकांचं अर्धं लागतं. पर ह्यांना सवलत बसती का न्हाय, त्याचं काय सर्क्युलर आलं न्हाय आमाला."

भिगवण आलं. तिच्या आधी कुणी उतरेना. ती उतरली, तर उरलेले सगळे खिडक्यांना चिकटलेले. समोर धुकं, धुक्यापलीकडं उजनीचं पाणी, पाण्यावर कुठलातरी पक्षी एकदाच ओरडला. आणि मग धुक्यातून आवाज आला. धड्... धड्... धड्... धड्.

बुलेट.

गाडीत किंकाळी उठली. दगडाबाईनं हात जोडले. धुक्यातून आधी दिवा आला, मग चाक, मग दोन्ही बाजूंना लटकलेल्या दुधाच्या किटल्या. गवळी तिच्याकडं न बघताच निघून गेला. पण तोवर ड्रायव्हरनं गाडी पार पुढच्या वळणाला नेली होती. दगडाबाई आणि भिगवणचे सगळे उतारू आतच राहिले.

मुलाखत झकास झाली. आता कशालाच घाबरायचं उरलं नसल्यामुळं राजेश्वरीनं हेडमास्तरांना अशी ताठ उत्तरं दिली, की त्यांनी उद्यापासूनच या म्हणून सांगितलं. परतताना एमआयडीसीच्या चौकात गाडी थांबली. उसाची ट्रॉली गेली होती. विजयसिंह दादांच्या बुलेटखाली आता स्वच्छ वाचता येत होतं, 'द्वितीय पुण्यस्मरण'.

राजेश्वरीला आधी घाम फुटला, मग हसू आलं. घरी गेल्या गेल्या सगळं सांगून टाकायचं तिनं ठरवलं.

पण दगडाबाईची लेक ही कौसल्याबाईंच्या मावसबहिणीची जाऊ निघाली. बातमी राजेश्वरीच्या आधीच घरी पोचली होती. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. तिच्यावरून मीठ-मोहरी ओवाळली, मग आत घेतलं.

"आई, अहो, ती माझी थाप होती," राजेश्वरी म्हणाली. "तिथं कुणी नव्हतं. मी खरंच एकटी..."

"एकटी कुठं हायस तू?" कौसल्याबाईंचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. "न्यायला मानूस येतोय की. एवढ्या गारठ्यात बिचारा! एक दिस ठीक हाय, पर रोज एकटी जानार असतीस, तर म्या पाठवलीच नसती. पर आता मला घोर न्हाय."

"आई," सौरभ म्हणाला, "अगं, तो मेलाय!"

"मेलेला का असंना, बाप्या मानूस बरुबर हाय ना?"

राजेश्वरीनं उघडलेलं तोंड मिटलं. खरं सांगावं, तर ती एकटी ठरत होती. एकटी ठरली, की नोकरी गेली.

"विजयसिंह दादा स्वभावानं फार चांगले आहेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाईंनी दोन डबे दिले. एक तिचा, एक दादांचा. बाजरीची भाकरी आणि भरीत. "रिकाम्या हातानं नगं जाऊ." एसटीत तिला पुढची अख्खी सीट मोकळी मिळाली. कुणी धक्का दिला नाही, कुणी चौकशी केली नाही. भिगवणला उतरल्यावर खिडक्यांमधल्या डोळ्यांसाठी तिनं दादांचा डबा स्टँडच्या बाकावर ठेवला आणि शाळेत गेली. अन्न कुत्र्याच्या तरी मुखी लागेल.

संध्याकाळी परत आली, तेव्हा स्टँड ओस पडलं होतं. पाण्यावरून धुकं पुन्हा सरकत येत होतं. डबा बाकावर जिथल्या तिथं होता. घासलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेला.

कुणीतरी भला माणूस असेल, असं म्हणत तिनं तो उचलला. जड लागला. आपल्याकडं दुसऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत देत नाही. तिनं झाकण उघडलं. आत एक चिलापी मासळी होती. ताजी. कल्ले अजून हलत होते.

बाकाखाली फरशी ओली होती, आणि ओली पावलं पाण्याच्या दिशेनं गेली होती.

राजेश्वरीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग ताठ उभी राहिली आणि फोन कानाला लावला.

"दादा, डबा मिळाला," ती म्हणाली. "उद्या काय आणू?"

आणि या वेळी बोलून झाल्यावर तिनं फोन लगेच पर्समध्ये टाकला नाही.